पदर सावरून बोललेली शेजारीण

पिंपळवंडीत आमच्या शेजारची बाई रोज संध्याकाळी मालिका बघायला आमच्याकडं यायची. डोक्यावरचा पदर सांभाळत दाराशीच बसायची. मालिकेतली सून सासऱ्याला उलट बोलली, की ही स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायची. “भाऊ, लई तोंडाळ हाय ही!” दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांच्या आधी हजर.

तिच्या मुलीसाठी आळे गावचं स्थळ मीच आणलं, माझ्या मेव्हण्याचा मुलगा. बघण्याच्या दिवशी मी मध्यस्थाच्या रुबाबात पोहे खात होतो. मेव्हणा मुलीला म्हणाला, “बाळ, जरा चालून दाखव.” ती खाली मान घालून चालली.

तेवढ्यात शेजारीण पदर सावरत म्हणाली, “आता तुमचा पोरगा चालू द्या की, पावणं. आमाला बी बघू द्या.”

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. मेव्हणा माझ्याकडं असा बघत होता, जणू मीच तिला शिकवून ठेवलं होतं. शिकवणारा टीव्ही तर माझाच होता. शेवटी मुलगाच उठला आणि लाजत दारापर्यंत जाऊन आला.

मुलीनं मान वर करून त्याला नीट बघितलं. “मला पसंत हाय,” ती म्हणाली.

तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.