घरच्या घरी पाहुणी

प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा तिथे दोन माणसं बसली होती. एक माझ्या वर्गातल्या अश्विनीचे वडील, बाळासाहेब. दुसरे तिचे मामा. मुलीच्या कॉलेजात वडिलांबरोबर मामाही आला, की प्रकरण फीचं नसतं, एवढं मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलंय.

"पोरीचा दाखला पाहिजे," बाळासाहेब म्हणाले.

"अहो, टीवायचं शेवटचं सेमिस्टर आहे. परीक्षा तोंडावर आलीय. आता दाखला कशाला?"

"रविवारी पाव्हने बघायला येनार हायेत. जमलं तर उरकून टाकायचं."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "सर, यांचं म्हणणं असं आहे की तुमच्या विषयामुळे मुलीचं वागणं बदललं."

मी समाजशास्त्र शिकवतो. आमचं कॉलेज कोपरगाव तालुक्यात, उसाच्या पट्ट्यात. दुसऱ्या विषयांच्या जागा भरल्या की उरलेली मुलं माझ्याकडे येतात आणि जशी येतात तशीच पास होऊन जातात. माझ्या विषयामुळे कुणाचं वागणं बदललं, हे मी नोकरीत पहिल्यांदाच ऐकत होतो. खरं सांगतो, क्षणभर मला फार बरं वाटलं.

"काय बदललं?" मी खुर्ची पुढे ओढून विचारलं.

"घरात पाव्हन्यागत वागती," मामा म्हणाले. "पानी मागताना म्हनती, 'मिळंल का?' बसायच्या आधी इचारती, 'हितं बसलं तर चालंल का?' जेवून उठली की आईला थँक्यू."

मी खुर्ची पुन्हा मागे घेतली. हे सगळं करायला तिला मीच सांगितलं होतं.

झालं असं की आम्हाला 'स्व' नावाचं एक प्रकरण आहे. 'मी कोण?' या प्रश्नाचं जे उत्तर आपण मनात बाळगून असतो, तो आपला 'स्व'. हे उत्तर आपण एकट्याने काढत नाही. घरचे आणि शेजारचे आपल्याशी जसं वागतात, त्यावरून ते हळूहळू ठरतं. चार लोक 'सर' म्हणतात म्हणून मी सर. हे नुसतं सांगितलं की वर्ग जांभया देतो. म्हणून मी एक प्रयोग दिला. रोजच्या वागण्याचे न सांगितलेले नियम असतात. त्यातला एक मुद्दाम मोडायचा आणि लोक काय करतात ते बघायचं. 'एक दिवस स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वागा,' असं मी सांगितलं. बाकीच्या मुलांनी नेहमीप्रमाणे घरी काहीच केलं नाही आणि वही द्यायच्या आदल्या दिवशी मनाने लिहून काढलं. अश्विनीने मात्र मनापासून केलं. हुशार विद्यार्थी असला की असे घोटाळे होतात.

"तो अभ्यास होता," मी म्हणालो.

"ती बी तेच म्हनती," मामा म्हणाले. "पन आमी काय दुधखुळे न्हाई. पोरीचं मन घरातून उठलं, की ती अशी पाव्हन्यागत वागती. कुटंतरी जमलंय तिचं."

आपल्याकडे मुलीला कळायला लागल्यापासून 'तू परक्या घरची' असं ऐकवतात. पण हे म्हणायचा हक्क घरच्यांचा. ती स्वतःहून परक्यासारखी वागली, की घरच्यांच्या पायाखालची जमीन सरकते. मी ज्या परदेशी पुस्तकातून प्रयोग उचलला, त्यात हे नव्हतं. तिथल्या आया अशा वेळी मुलाला फक्त विचारतात, बरं नाही का वाटत. मी पुस्तक वाचलं होतं, तालुका वाचायचा राहिला होता.

तेवढ्यावर गप्प बसायला हवं होतं. पण समोर श्रोते दिसले की मला राहवत नाही. "असं बघा बाळासाहेब, समाज हा एक रंगमंच आहे. आपण सगळेच आपापली भूमिका करत असतो."

"म्हंजे पोरगी घरात नाटक करती?"

"तीच असं नाही. तुम्हीसुद्धा करता."

"मी नाटक करतो?" बाळासाहेब उठून उभे राहिले.

प्राचार्यांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. दाखला दोन दिवसांनी देतो असं सांगून त्यांनी दोघांना कसंबसं वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "उद्या त्यांच्या घरी जा. आणि सर, तिथे शिकवू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी काढून गेलो. रस्ताभर दोन्ही बाजूंना ऊस. घर स्लॅबचं, समोर गोठा. बाळासाहेबांनी बाहेर खुर्ची टाकली. मामाही हजर होते. अश्विनीची आई, मंदाताई, दारात उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले होते. त्यांना पाहिल्यावर मला स्वतःची लाज वाटली.

"सर, जेवून उठली अन् मला थँक्यू म्हनली," मंदाताई म्हणाल्या. "मी काय शिर्डीच्या हाटेलात कामाला हाय का? पोटची पोर माझी."

"चूक माझी आहे, ताई. तो प्रयोग एका दिवसाचा होता."

"मग आजून का तशीच वागती?"

मी आत पाहिलं. अश्विनी भिंतीला टेकून उभी होती. आमची नजरानजर झाली तेव्हा तिने मान वळवली. मग कळलं. हा अभ्यास आहे असं तिने खरं सांगितलं होतं, पण कुणी विश्वास ठेवला नाही. उलट तिचं कॉलेज बंद केलं आणि स्थळ बघितलं. त्या दिवसापासून ती सगळ्यांशी अदबीने वागत होती. आता तो प्रयोग राहिला नव्हता. तो राग होता.

मी सगळं नीट समजावून सांगायचं ठरवलं आणि प्राचार्यांची सूचना विसरलो. "माणसाचा 'स्व' हा नात्यांतून घडतो," इथपासून सुरुवात केली. बाळासाहेब गोठ्याकडे बघत होते. मामांनी तंबाखू मळायला घेतली. गाय तेवढी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी दुसऱ्या मुद्द्यावर आलो तेव्हा चहा आला.

चहा अश्विनीने आणला. "घ्या, सर," एवढंच म्हणाली. मंदाताईंनी सरांसाठी म्हणून सढळ हाताने साखर घातली होती. पहिल्या घोटालाच कळलं, हा चहा नाही, पाक आहे. मला डायबिटीस आहे, वर्गात तासाच्या मध्ये गोळी घेतो. पण पहिल्यांदाच आलेल्या घरात, तेही अशा कामासाठी आलेलो असताना, नको कसं म्हणायचं? मी हसून दुसरा घोट घेतला.

"आई, किती साखर टाकली गं?" अश्विनी एकदम म्हणाली. माझं ओढूनताणून आणलेलं हसू तिने पाहिलं होतं. "पाक केलाय नुसता. सरांना शुगर हाय, आख्ख्या कॉलेजला म्हाईत हाय. एका शब्दानं इचारायचंस तर मला. कुनाचं ऐकायचंच न्हाई, मनाला यील ते करायचं."

मंदाताई दारातून पुढे आल्या.

"आनि सर, तुमी पन पिताय? वर्गात आमाला सांगता नियम मोडून बघा. तुमाला हितं साधं 'नको' म्हनता येईना?"

मी कप खाली ठेवला.

मंदाताईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. "बोल माय, आजून बोल," म्हणाल्या. "आठ दिस झाले, माझ्या अंगावर कुनी वरडलं न्हाई."

अश्विनीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड थांबलं नाही. ती वडिलांकडे वळली. "अप्पा, रविवारी पाव्हने आले तर चहा तुमीच करून द्या. मी परीक्षा देनार हाय. माझं कुटं काय जमलेलं न्हाई, आनि जमलं तर आदी तुमालाच सांगंन. पन दाखला काढला तर ह्या घरात मी खरंच पाव्हनी हुईन, मग बघा."

बाळासाहेब उठून गोठ्यापर्यंत गेले आणि परत आले. मग मामांना म्हणाले, "पाव्हन्यांना फोन लावा. म्हनावं, परीक्षा हुऊन जाऊ द्या." मला म्हणाले, "दाखला ऱ्हाऊ द्या, सर."

मला फार हलकं वाटलं. यात माझं योगदान दोन घोट चहाचं, हे मला तेव्हाच कळलं होतं. निघताना मंदाताईंनी बिनसाखरेचा चहा दिला. तोही मी नको न म्हणता प्यालो.

अश्विनी पहिल्या वर्गात पास झाली. जूनमध्ये बाळासाहेब तिला घेऊन एम.ए.च्या ॲडमिशनला आले. मी आनंदाने विचारलं, "मग, आपलाच विषय ना?"

"अर्थशास्त्र," बाळासाहेब म्हणाले. "तुमचा इषय चांगला हाय, सर. पन घरात लई पसारा करतो."

त्या वर्षापासून 'स्व' शिकवताना मी मुलांना घरी काही करायला सांगत नाही. एसटी स्टँडवर रांगेत उलटं तोंड करून उभं राहायला पाठवतो. तिथे लोक फार तर वेडं समजतात, स्थळ बघत नाहीत.