टेबल नेटवर गेलं तेव्हा

ऑफिस झाडणाऱ्या माणसाला एक गोष्ट लवकर कळते. टेबलाखाली काय काय साठतं, ते टेबलाशी बसणाऱ्यांना माहीतच नसतं. मला रोज काहीतरी सापडतं. शेंगदाणे, पेन्सिलचं टोक, कधी एखादा फासा. किस्से पण असेच साठले. कुणी मुद्दाम ठेवले नव्हते, मी आपला वेचत गेलो.

लिहायला सांगितलं शलाकाने. "काका, तुम्ही बोलता तसंच लिहा," म्हणाली. मी म्हटलं, मी बोलतो तसं सावकाश लिहिलं तर संपेपर्यंत दिवाळी येईल. माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन तिने सुधारलंय, बाकीचं माझं आहे.

आमचं ऑफिस नायगावला, पूर्वेकडे, जूचंद्रच्या रस्त्यावर. खाली पिठाची चक्की, वर आम्ही चौघे. मालक सायमन, राहणार होळी गावचा. घरची वाडी आहे, अजून सकाळी भाजीला पाणी सोडून मगच ऑफिसला येतो. शलाका विरारहून येते, प्रोग्राम तीच लिहिते. पराग गिऱ्हाइकांचे फोन घेतो. चौथा मी. किल्ली, झाडू आणि चहा.

आम्ही एका खेळाचं सॉफ्टवेअर बनवतो. खेळ असा, की चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. पुढे नदी आली, चोर आले, तर काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा सांगतो. कुणाला किती जखमा झाल्या, कोण नकाशात कुठे आहे, हे सगळं सॉफ्टवेअर ध्यानात ठेवतं.

आधी लोक ते एकदाच डाउनलोड करून घ्यायचे. मग नेट असो-नसो, घरच्या कॉम्प्युटरवर चालायचं. दोन वर्षांपूर्वी सायमनने ठरवलं की आता सगळं ऑनलाइन. दर महिन्याला सबस्क्रिप्शन, आणि खेळणारे कुठेही बसले असले तरी टेबल एकच. या गोष्टी त्या दिवसांतल्या.

*

मला कामावर घेतलं तो किस्सा आधी सांगतो.

जूचंद्रच्या मिठागरात माझी उमर गेली. ते काम संपलं तेव्हा कुणीतरी सायमनकडे पाठवलं. त्याने विचारलं, "काका, कॉम्प्युटर येतो का?"

मी म्हटलं, "नाही."

"मोबाइलवर काही करता?"

"फोन येतो, तो घेतो."

सायमन शलाकाकडे वळला. "मिळाला बघ," म्हणाला.

मला वाटलं, चहाला माणूस मिळाला. तसं नव्हतं. नवीन काही बनवलं की आधी ते मला चालवायला द्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जिथे मी अडेन, तिथे गिऱ्हाईक अडणार. उभ्या आयुष्यात माझ्या अज्ञानाचा पगार मला याच ऑफिसने दिला.

*

पहिल्यांदा खेळायला बसवलं तेव्हा सायमनने विचारलं, "तुम्ही कोण होणार?" यादी दाखवली. योद्धा, वैद्य, मांत्रिक, गुप्तहेर, नावाडी.

मी बराच वेळ यादी बघितली. म्हटलं, "मिठागरातला मजूर."

"काका, इथे काहीही होता येतं," पराग म्हणाला. "राजा व्हा की."

"राजाला मीठ कोण देईल मग?"

शलाकाने दुसऱ्या दिवशी यादीत नवीन नाव घातलं, मिठकरी. जखमेवर मीठ-पाणी लावून बरं करायची विद्या त्याला दिली. अजून आहे ते यादीत. पराग म्हणतो, नागपूरकडे कुणीतरी तोच घेऊन खेळतं. माझं ते काम तर संपलं, पण तिकडे कुणीतरी ते करतंय म्हणायचं.

*

डाउनलोड बंद होणार अशी ईमेल सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना गेली. त्या आठवड्यात परागला जेवायची उसंत नव्हती.

एक गृहस्थ फार नम्र होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे आता तुम्ही ते माझ्या कॉम्प्युटरमधून काढून नेणार?"

पराग म्हणाला, "नाही सर, ते तुमच्याकडेच राहील. फक्त नवीन ऑनलाइन मिळेल."

"नाही, नाही, नियम आहे तर नियम. फक्त कधी येताय ते आधी सांगा, म्हणजे मी रजा टाकतो."

परागने पंधरा मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले, "बरं, मग नाहीच येणार का कुणी?" आवाज जरा पडलाच होता. त्यांनी त्यांच्या मिसेसना पोह्यांचं सांगून ठेवलं असावं.

*

सबस्क्रिप्शन म्हणजे काय, ते मी घरी बायकोला सांगितलं. म्हटलं, वर्गणी. दर महिन्याला द्यायची.

तिने भाकरी उलटली. "वर्गनी घेता, मंग बोलावना देता का नाय?"

"कसलं बोलावणं?"

"गनपतीची वर्गनी घेतली तं आरतीला बोलावतान ना? का नुसती पावती फाडून निंगाला?"

दुसऱ्या दिवशी मी सायमनला हे सांगितलं. हसण्यावारी नेईल असं वाटलं होतं. तो खुर्चीतून उठला, खिडकीशी गेला, परत आला. "काकी बरोबर बोलते रे," परागला म्हणाला.

तेव्हापासून आमच्याकडे पद्धत पडली. नवीन वर्गणीदार आला की पराग स्वतः फोन करतो आणि शनिवारी दुपारी आमच्या टेबलावर खेळायला बोलावतो. गोष्ट सायमन सांगतो. मी मिठकरी असतोच. कुठकुठची माणसं येऊन बसतात. माझ्या बायकोला वाटतं, ती सगळी ऑफिसात येतात आणि मी त्यांना नुसत्या चहावर पाठवतो. यावरून मी अजून बोलणी खातो.

*

आता माझ्या चुकीबद्दल.

ऑनलाइन टेबलावर सराव सुरू झाला तेव्हा मलाही एक लॅपटॉप दिला. चौघे चार कोपऱ्यांत बसायचो, म्हणजे लांबच्या गावांतून खेळल्यासारखं. माझी पाळी आली की मी विचार करायचो. मिठागरात घाई नसते. पाणी घ्यायचं, थांबायचं, मीठ धरायला लागलं की मग फावडं. माझं बोलणंही तसंच झालंय.

तर मी विचार करत असलो, की मध्येच पडदा पांढरा व्हायचा आणि अक्षरं यायची, "तुम्ही खेळातून बाहेर पडला आहात."

मला वाटायचं, पडलो असेन. कुठे तरी बोट लागलं असेल. मुलं रंगात आलेली असायची, त्यांना कशाला थांबवा? मी गुपचूप उठायचो आणि चहा टाकायचो.

दीड महिना हे चाललं. तिकडे मुलांची समजूत अशी, की काकांना कंटाळा आला की ते चहाला उठतात. शलाकाने तर वहीत लिहून ठेवलं होतं, "काका आज तीनदा उठले. गोष्ट लांबतेय." सायमन बिचारा दर आठवड्याला गोष्ट आणखी थरारक करत होता. एकदा तर त्याने दोन भूकंप घातले.

*

मग चिपळूणहून सुलभाताईंचा फोन आला. परागने स्पीकर लावला.

बाई शांतपणे बोलत होत्या. त्यांचे मिस्टर वसंतराव. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. वर्कशॉपमधले दोन मित्र आणि ते, आमच्या जुन्या डाउनलोडवर किती तरी वर्षं खेळत होते. वसंतरावांना पक्षाघात झाला. हात-पाय सुधारले, पण शब्द लवकर सापडत नाहीत. मित्र एक पुण्याला मुलाकडे गेला, एक रत्नागिरीला. त्यात जुना कॉम्प्युटर जळाला. मग त्यांनी ऑनलाइन घेतलं.

"तिघे परत एका टेबलावर आले, त्याबद्दल आधी तुमचे आभार," त्या म्हणाल्या. "पण यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत यांना बाहेर काढतात हो."

परागने स्पीकरचा आवाज वाढवला.

"घरात मी यांचं वाक्य पुरं करते. मुलगी करते, दूधवाला पण करतो. खेळात मात्र आपल्या माणसाचं आपणच बोलायचं असतं. डॉक्टर म्हणाले, हे सुटू देऊ नका, बोलणं यातूनच येतंय. जुनं थांबायचं. नवीन थांबत नाही. परवापासून ते टेबलाशी बसतच नाहीत."

फोन ठेवल्यावर शलाका म्हणाली, "तीन मिनिटांची मर्यादा आहे. मीच घातलीय."

सायमनने कपाळ चोळलं. "काढायची म्हटलं तर लोक टेबल उघडं टाकून जेवायला जातात. झोपतात. सगळी रिकामी टेबलं आपला सर्व्हर अडवून बसतील, बाकीच्यांचा खेळ अडकेल. एका माणसासाठी कसं करायचं?"

मी दाराशी उभा होतो. म्हटलं, "मला पण काढतं."

तिघे वळले.

"कधीपासून?" शलाकाने विचारलं.

"सुरुवातीपासून."

"आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"मी चहा करत होतो."

शलाका वही उघडून बसली. पानं उलटत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. पराग हळूच म्हणाला, "तरीच एवढा चहा, आणि माझं पित्त."

*

त्या दिवशी कुणी घरी वेळेवर गेलं नाही. माणूस गेलाय की गप्प बसलाय, हे मशीनला कसं कळणार, यावरच सगळं अडलं होतं.

शलाका माझ्यापुढे खुर्ची ओढून बसली. "काका, तुम्हाला साधारण किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

तिने घड्याळ बघितलं. मी "पाच मिनिटं" म्हणालो तेव्हा सहा झाली होती.

"बरं, मिठागरात कसं कळायचं," तिने विचारलं, "कुणी काम सोडून गेलंय की नुसतं टेकलंय?"

"बाजूचा सांगायचा. मुकादम आला की म्हणायचा, आहे तो, थांबा."

ती एकदम उठली. त्यातून आमचं एक बटण तयार झालं. टेबलावर एखादा गप्प झाला, की तीन मिनिटांनी बाकीच्यांपुढे विचारणा येते. त्यांच्यातल्या एकाने जरी "थांबलोय" हे बटण दाबलं, तर गप्प माणसाची खुर्ची राहते. पुढच्या तीन मिनिटांनी परत विचारणा. कुणीच दाबलं नाही, तर टेबल बंद.

सायमन म्हणाला, "आणि ते 'बाहेर पडला आहात' पण काढ. माणूस पडलेला नसतो."

मिठागरात मुकादमाने मला कधी नावाने हाक मारली नाही. इथे माझ्या मंद बोलण्यावरून पोरांनी सॉफ्टवेअर बदललं. मी मोरीत जाऊन कप विसळत बसलो.

*

वसंतरावांना शनिवार दुपारच्या खेळाचं बोलावणं गेलं. सुलभाताई म्हणाल्या, "बसतील की नाही, सांगता येत नाही. नव्या शर्टाला तर हो म्हणालेत."

टेबलावर ते, त्यांचे दोन मित्र आणि मी. गोष्ट सांगायला सायमन. शलाका आणि पराग माझ्या मागे उभे. पडद्यावर वसंतराव दिसत होते, बाजूला सुलभाताईंचा खांदा. वसंतराव गोष्टीत वाटाड्या होते, आम्हाला घाट ओलांडून न्यायचं काम त्यांचं.

सायमनने खिंडीत वाघ आणला. "वाटेत मधोमध उभा आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे बघतोय. वसंतराव, काय करता?"

वसंतरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

तीन मिनिटं झाली. विचारणा आली. मी "थांबलोय" दाबलं. पुण्याच्या मित्रानेही दाबलं.

सुलभाताईंचा खांदा पुढे आला. त्यांना शब्द सापडला असावा. मग त्यांनी स्वतःच पदर तोंडाला लावला आणि मागे सरकल्या.

सहा मिनिटं. परत दाबलं. खाली चक्की बंद झाली, तेव्हा कळलं की ती इतका वेळ चालू होती. रत्नागिरीच्या मित्राने चष्मा पुसला आणि परत घातला. सायमनला हातात खरा फासा लागतो, तो त्याने मुठीत धरला होता. खिंड पार करायला अठराच्या वर पडायला हवं होतं.

नऊ मिनिटं. चौघांनीही दाबलं.

"मी..." वसंतराव म्हणाले.

कुणी हललं नाही.

"मी... वाघाला... म्हणतो..."

शलाकाचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता, तो घट्ट झाला.

"इतका वेळ... उभा आहेस. दमला... असशील." त्यांनी श्वास घेतला. "बस."

सायमनने मूठ उघडली, फाशाकडे बघितलं, आणि तो न टाकताच टेबलावर ठेवला.

"बसला," तो म्हणाला.