घोड्याखाली अंगठा

बाजारात तिला ‘कानस’ म्हणत. ती दिवसभर कानस चालवायची म्हणून नव्हे, तिच्या जिभेमुळे. हे तिला ठाऊक होतं आणि त्याचं तिला मुळीच वाईट वाटत नसे. बंदुका दुरुस्त करणाऱ्या बापाची ही थोरली लेक. लग्न मोडून माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी बापाच्या बाकावर जाऊन बसली. "किती दिवस राहणार?" असं विचारायला आलेल्यांच्या हातात तिनं पकड दिली आणि त्यांना स्प्रिंग धरून उभं केलं. बाप गेल्यावर दुकान धाकट्या भावाच्या नावावर झालं. तो गल्ल्यावर बसे, गोड बोले. बाकावर मात्र हीच.

त्या दिवशी सुतार आपली ठासणीची रायफल घेऊन आला. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, असली जुनी रायफल. रविवारच्या नेमबाजीच्या स्पर्धेसाठी त्यानं ती जिवापाड जपलेली. आज त्याचा चेहरा पांढराफटक होता. घोडा, म्हणजे आपटून बार उडवणारा खटका, अर्ध्यावर ओढून तो त्याखाली ठिणगी देणारी टोपी बसवत होता. अर्ध्यावर ओढलेला घोडा तिथंच अडकून राहायला हवा, चाप दाबला गेला तरी पडता कामा नये. तो पडला. गोळी बायकोच्या डोक्यावरून जेमतेम वीतभर अंतरानं गेली आणि शेडच्या पत्र्यातून आरपार झाली.

कानसनं घोड्यामागची पट्टी खोलली. आत एक चकती असते, तिला दोन खाचा, आणि चापाची खिट्टी त्या खाचांत अडकते. अर्ध्या घोड्याच्या खाचेला ओठच उरला नव्हता. झिजला नव्हता तो, कुणीतरी तासला होता.

"ही कानस कुणी फिरवली?"

धाकटा पंख्याकडे बघू लागला. सुतार भाबडेपणानं म्हणाला, "तुम्ही गावाला गेला होतात ना, तेव्हा यांनी चाप हलका करून दिला. घोडा पडताना मध्येच अडखळायचा. आता कसा लोण्यासारखा झालाय!"

हलक्या चापाची हौस असली की हे असंच होतं. घोडा पडताना खिट्टी या अर्ध्या घोड्याच्या खाचेला घासते, आणि उतावळा कारागीर ती खाचच उडवतो. अडखळणं जातं, भरवसाही जातो.

"नवी चकती करावी लागेल," ती म्हणाली. "रविवारपर्यंत नाही व्हायची."

"ताई, उगाच ताणू नकोस. गिऱ्हाईक जाईल," धाकटा म्हणाला. "खाचेत थोडा धातू झाळून भरला की झालं."

ती जेवायला घरी गेली तेवढ्यात त्यानं तसं केलंही. परतली, तर रायफल जोडून गल्ल्यावर ठेवलेली आणि सुतार ती उचलायच्या बेतात.

बापाच्या वेळची एक रीत होती. दुरुस्त केलेला घोडा अर्ध्यावर ठेवायचा, त्याखाली कारागिरानं आपला अंगठा घालायचा आणि चाप गिऱ्हाइकाला दाबू द्यायचा. त्याशिवाय बंदूक दुकानाबाहेर जात नसे.

"घाल अंगठा," ती भावाला म्हणाली.

"काहीतरीच काय! म्हाताऱ्याचं खूळ ते."

"बरं." तिनं नळी रिकामी असल्याची खात्री केली, घोडा अर्ध्यावर आणला आणि स्वतःचा अंगठा खाली घातला. "दाबा, सुतार."

"अहो, नको..."

"दाबा म्हणते ना!"

त्यानं दाबला. घोडा हलला नाही. धाकट्याचा चेहरा खुलला.

"अजून जोरात."

खाड्! नखाखालून रक्त आलं. ती मुकाट्यानं सोसणारी बाई नव्हती. तिनं दुकान डोक्यावर घेतलं, भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्या पिढ्या आपल्याही आहेत याचं भान तिला राहिलं नाही. मग त्याच हातानं पट्टी खोलली, चकती ऐरणीवर ठेवली आणि हातोड्यानं तिचे दोन तुकडे केले.

"माझा रविवार गेला!" सुतार कळवळला.

"रविवार दर आठवड्याला येतो. बायको येणार आहे का तशी?"

सुतार खाली बसला.

धाकटा गल्ल्यावरून उठला. "दुकान माझ्या नावावर आहे. या बाकावर पुन्हा बसायचं नाहीस तू. मी शटर ओढतोय. चला, बाहेर व्हा दोघं!"

"ओढ." अंगठ्याला चिंधी गुंडाळून तिनं पोलादाचा तुकडा पकडीत आवळला. "मी आत आहे. दुकान तुझ्या नावावर असू दे, नाहीतर डोक्यावर घे. माझ्या हातून ही चकती झाल्याशिवाय मी उठत नाही."

शटर खडखडत कमरेपर्यंत आलं. सुतार जागचा हलला नाही. बंदूक आत असताना तो कशाला हलतो? बाहेर धाकटा कडी धरून बराच वेळ उभा राहिला. आत अंधारल्यामुळे ती खाचेच्या खुणेवर पार नाक टेकवून काम करत होती, पण मान वर करत नव्हती.

शेवटी तोच वाकून आत आला.

"ताई... दिवा लावू का?"

"लाव," ती म्हणाली. "आणि चकती बसली की अंगठा तुझा."