यमुनामावशीचा अंगठा

या साइटवर अनुभव लिहिणारे बहुतेक जण आधी सांगून टाकतात की आपला भुताखेतांच्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता, आणि त्याला कारण माझं काम. माझी सगळी नोकरी लोकांची हजेरी मांडण्यात गेली. आधी भिवंडीत, कामतघरला एका लूमच्या कारखान्यात मेहताजी, म्हणजे हिशेबाचा कारकून होतो. तो बंद पडल्यावर वाडा रोडला, अंबाडीच्या थोडं अलीकडे, एका गोडाऊनमध्ये टाइमकीपर म्हणून लागलो. हजेरीत माणूस आलेला असतो किंवा आलेला नसतो. मधलं काही नसतं... असं मी समजत होतो.

घाबरण्यासारखं यात फारसं काही नाही. कुणाला काही दिसलं नाही. पण माझी एक चूक यात आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

२००७ साली आमच्या गोडाऊनमध्ये अंगठ्याचं मशीन आलं. तोवर मस्टरवर सह्या आणि शाईचे अंगठे चालायचे. मशीन माझ्या केबिनच्या खिडकीबाहेर, गेटला लागून बसवलं. काचेवर अंगठा ठेवायचा. ओळख पटली की हिरवा दिवा लागायचा आणि आतून एक बाई बोलायची, "थँक्यू." नाही पटली तर लाल दिवा आणि "प्लीज ट्राय अगेन."

सगळ्यांचे अंगठे लागले. यमुनामावशीचा लागेना.

मावशी जवळच्या दिघाशी गावची. शेतातल्या बांधांवरून अर्धा तास चालत यायची. पन्नाशी उलटलेली. काम पॅकिंगला — खोक्यांवर बारकोडचे स्टिकर चिकटवायचे. उमेदीची सगळी वर्षं वीटभट्टीवर गेलेली, त्यामुळे अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नव्हती. तुळतुळीत, पाट्यासारखा अंगठा. आम्ही ओल्या फडक्याने पुसून पाहिला, तेल लावून पाहिला.

"जरा दाबून ठेवा, मावशी."

"आजून किती दाबू? काच फुटंल."

गेटवरचा वॉचमन तिवारी हसायचा. "मौसी, कल नहाके आना."

"तूच ये नहाके. तुझ्या वासानं बिचकतंय ते." मग माझ्याकडे वळून म्हणायची, "भाऊ, खोक्याला मी स्टिकर लावते तर ते वाजतं. मी लावनारी, तर मला कोन वलखत न्हाय. माझ्या कपालाला पन चिकटवा येक."

मॅनेजरने पंधरा दिवस वाट पाहिली आणि सांगितलं, जिचा थंब लागत नाही तिला ठेवता येणार नाही. वरच्या ऑफिसात रोज मशीनचा रिपोर्ट जातो, हाताने लिहिलेली हजेरी कुणी धरत नाही.

माझी बायको जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला, महिन्यातून एक फोन. दुपारी एक वाजता मावशी माझ्या खिडकीत तांदळाची भाकरी आणि त्यावर चिमूटभर सुकट ठेवून जायची — न विचारता, कागदात गुंडाळून. दिवसभरात कुणी माझ्यासाठी म्हणून केलेली तेवढीच एक गोष्ट असायची. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही. एवढंच की ती गेली असती तर ती खिडकी रिकामी राहिली असती, आणि ते मला नको होतं.

माझी स्वतःची हजेरी उजव्या अंगठ्यावर होती. एका दुपारी केबिनमध्ये कुणी नसताना मी मावशीच्या नंबरवर माझा डावा अंगठा नोंदवला.

"झालं काम," मी तिला सांगितलं. "तुमचा अंगठा आता लागतो. फक्त तो माझ्या हाताला आहे."

ती तोंडाला पदर लावून खूप हसली. "मंग सांभाला, भाऊ. माझा आंगठा तुमच्याकडं हाय."

वर्षभर असं चाललं. सकाळी नऊच्या आत ती गेटमधून आली की मी खिडकीतून हात बाहेर काढून तिचा इन मारायचो, संध्याकाळी सहाला आउट. मशीन "थँक्यू" म्हणालं की ती मान हलवायची. "ते तुमाला बोललं. मला आजून येकदाबी बोललं न्हाय."

भात पिकून उभं होतं, कापणीला दोन-चार दिवस होते, तेव्हाची गोष्ट. सकाळीच तीन कंटेनर आले होते. गेटवर ड्रायव्हरांची गर्दी, गेटपासच्या सह्या... त्या गडबडीत माझा डावा हात आपोआप खिडकीबाहेर गेला. आठ बावन्न. हिरवा दिवा. थँक्यू. मावशी समोरून गेली की नाही, मी पाहिलं नाही.

दहाला माझा मोबाईल वाजला. मावशीचा नवरा, काशिनाथ, शेजाऱ्याच्या फोनवरून.

"भाऊ, यमुना पोचली का? सकाली चक्कर येत व्हती तिला. नको जाऊ बोललो, तर बोलली खाडा झाला का मशीन लिवून ठेवतं."

मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. "आठ बावन्नला आलीय, बाबा. काळजी करू नका."

मी खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलंच नाही. स्क्रीनवर होतं ते मी वाचून दाखवलं. तासाभरापूर्वी ते मीच तिथे घातलं होतं, आणि तेच वाचून माझी खात्री पटली. यावर मी नंतर फार विचार केला आहे.

एक वाजला. खिडकीत भाकरी आली नाही. सव्वा वाजता मी पॅकिंगच्या टेबलापाशी गेलो. तिचं स्टूल रिकामं होतं. शेजारची बाई म्हणाली, "मावशी आज आलीच न्हाय की."

तेव्हा मला कळलं. काशिनाथ ज्यावरून बोलला तो नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एक फोन करायचा होता — आली नाही, बघा जरा. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आठ बावन्नला कोण आलं? मी सेहेचाळीस वर्षांचा. त्या वयात मला दुसरीकडे कोण घेणार होतं? मी मनाशी म्हटलं, चक्कर आली असेल, वाटेतून परत फिरली असेल, घरी निजली असेल. असं म्हणत मी जवळजवळ दोन तास केबिनमध्ये बसून राहिलो. फोन समोर टेबलावर होता.

तीनला काशिनाथ स्वतः गेटवर आला. हातात गोळ्यांचं पाकीट. "बीपीची गोली इसरली ती. माझा डोला लागला व्हता, आता उठलो तर फलीवर दिसली. जरा बोलवा तिला."

म्हणजे ती घरी नव्हती.

तिवारीने आत निरोप धाडला. मॅनेजर आला, त्याने रिपोर्ट पाहिला. "इन आहे, आउट नाही. म्हणजे आतच आहे. शोधा."

मग आम्ही तिला गोडाऊनमध्ये शोधायला लागलो. रॅकच्या मागे, बाथरूममध्ये, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाआड. माईकवरून तिचं नाव पुकारलं. काशिनाथ गेटच्या ओट्यावर गोळ्या हातात धरून बसला होता. "येवढ्या मोठ्यानं बोलावतात, मंग ती ऐकत का न्हाय?" असं तिवारीला विचारत होता. मीसुद्धा शोधत होतो. ती आत नाही हे माहीत असलेला तिथे मी एकटाच होतो, आणि मीही हाका मारत होतो.

शेवटच्या रॅकपाशी मी थांबलो. समोर खोक्यांची भिंत. प्रत्येकावर एक स्टिकर, सगळे सरळ, एका ओळीत. तिच्या हातचे... मी बाहेर आलो.

"बाबा, ती आत नाही. चला, वाटेने बघू."

"मशीन बोलतं ना आत हाय म्हनून?"

"मशीन चुकलं," मी म्हणालो.

ती बांधाच्या कडेला भातात पडलेली सापडली. साडेचार झाले असतील. उभ्या भातामुळे बांधावरून जाणाऱ्यालाही दिसली नसती. जिवंत होती. एक बाजू गेलेली, तोंड वाकडं, वाचा नाही. पण डोळे उघडे होते, ओळखत होती. मिळेल त्या टेम्पोत घातली. अंबाडीच्या डॉक्टरांनी हातच लावला नाही, भिवंडीला न्या म्हणाले. रस्ताभर काशिनाथ तिचं डोकं मांडीवर घेऊन होता. मी शेजारी. तिच्या चालत्या हाताने तिने माझा डावा हात धरला होता. हात म्हणजे अंगठाच, मुठीत घट्ट. हॉस्पिटलातही सोडला नाही. मग मूठ आपोआप सैल पडली. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजून चार मिनिटं.

डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला बोलावलं. मला वाटलं, झालं. त्याने रिपोर्टचा कागद पुढे केला. यमुनाबाईच्या नावापुढे लिहिलं होतं — इन ०८.५२, आउट १८.०४.

"मशीन काल हँग झालेलं दिसतंय," तो म्हणाला. "आता इन-आउट जुळतंय. विषय वाढवू नका."

मी केबिनमध्ये येऊन सगळा रिपोर्ट तपासला. दुसऱ्या कुणाचा अंगठा चुकून तिच्या नावावर पडला म्हणावं, तर त्या माणसाचा आउट कमी भरायला हवा. कुणाचाच कमी नव्हता, फक्त माझा. मी पंच न करताच पळालो होतो. पण सहा चारला मी भिवंडीत होतो, आणि माझा अंगठा कुठे होता ते मी सांगितलंच आहे.

तिवारीला विचारलं. तो म्हणाला, "साहब, सब लोग निकल गए थे. फिर मशीन अकेले में बोला, थँक्यू. मैंने झाँक के देखा तो कोई नहीं. बत्ती हरी थी."

"किसी को बताया?"

"क्या बताता?"

कुणी नसताना मी डावा अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. प्लीज ट्राय अगेन. पुसून ठेवला. परत तेच. वर्षभर दिवसातून दोनदा लागलेला अंगठा होता तो. आठवड्याने मशीनवाल्या कंपनीचा माणूस सर्व्हिसिंगला आला, त्याला मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. त्याने मावशीचा नंबर उघडला आणि माझा डावा अंगठा लावून पाहिला. "ठसा तो एकदम साफ है. पर ये आपकी उँगली नहीं है. किसने डलवाई थी?" मी म्हटलं, जिची होती ती वारली. धूळ, उकाडा, कधी कधी होतं असं, म्हणत त्याने तो नंबर पुसून टाकला.

त्या आउटमुळे मी वाचलो, हे मला कळत होतं. इन-आउट जुळलं नसतं तर चौकशी झाली असती. सगळ्यांनी दोष मशीनला दिला. "मशीन चुकलं" हे मीच पहिल्यांदा म्हटलं होतं.

बाराव्याला दिघाशीला गेलो. काशिनाथ येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होता. "मीच निजलो. दहाला फोन केला, आली बोलले, मी निजलो. वाटंनं येक चक्कर टाकली असती तर..." मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो. त्याला थांबवायला एक वाक्य पुरलं असतं. चहा पिऊन उठलो.

पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. आता कामतघरलाच एका दुकानात बसतो. दोन वर्षं हे वाक्य तोंडात घेऊन फिरलो. एकट्या राहणाऱ्या माणसाला गप्प राहणं जड जात नाही, विचारणारंच कुणी नसतं.

गेल्या रविवारी पुन्हा दिघाशीला गेलो. काशिनाथ ओटीवर एकटाच भाताचं बियाणं निवडत बसला होता. मी त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं. अंगठा माझा होता. ती आली नव्हती. सव्वा वाजल्यापासून मला माहीत होतं. तुम्ही निजलात ते माझ्या शब्दावर. मग आउटचंही सांगितलं, तिवारीने ऐकलं तेही, आणि माझा अंगठा मशीनने नाकारला तेही.

तो बराच वेळ सूप हलवत राहिला. मला वाटलं, आता उठ म्हणेल. मी उठायच्या बेतातच होतो.

"म्हंजी मी निजलो म्हनून न्हाय गेली ती," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

त्याने सुपातलं बियाणं सारखं केलं. माझ्याकडे बघत नव्हता. मग सूप खाली ठेवलं.

"घरी येऊन रोज बोलायची, समद्यांना बोलतं, मलाच बोलत न्हाय. तवा बोललं का तिला? ते... थँक्यू?"

"हो," मी म्हणालो. "बोललं. वॉचमनने ऐकलं."

त्याने मान हलवली. मला चहा विचारला नाही, पुन्हा या असंही म्हणाला नाही. मी बांधाबांधानेच रस्त्यावर आलो.

हे मी इथल्या सायबर कॅफेत बसून एका बोटाने टाइप केलं आहे. मशीन बिघडलं असेल, तिवारीला भास झाला असेल, ठशांची अदलाबदल झाली असेल. एकेक करून सगळं मानता येतं. पण त्या दिवशी सहा चारला तिथे कुणाचा अंगठा टेकला, हे मला आजही सांगता येत नाही. इथल्या कुणाला अशा मशीनची माहिती असेल तर जरूर लिहा. एवढंच, की मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.