द्वादशीचं पान

आईच्या मागे दीड वर्ष मी देवासमोर बसलो नाही. कोणी विचारलंच तर सांगायचो, जन्मभर एकादश्या केलेल्या बाईला शेवटी एवढे हाल करून नेणाऱ्या देवाशी आपलं काही बोलणं उरलेलं नाही. ऐकणारा विषय बदलायचा आणि मीही सुटायचो. खरं कारण निराळं होतं, आणि ते मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. मला राग आलेला नव्हता, लाज वाटत होती. लाज लपवायला रागाचं सोंग फार उपयोगी पडतं.

आम्ही तंजावरकडचे मराठी, माझ्या वडिलांपासून मद्रासला. मी गिंडीच्या एका लहान कारखान्यात ड्राफ्ट्समन, घर तांबरमला. आमच्या घरची मराठी ऐकून साताऱ्याची माझी बायको लग्नानंतर वर्षभर तोंडाला पदर लावून हसत होती. हा मजकूरही तिनंच तपासून दिला आहे. आईची एकादशी म्हणजे पाण्याचा थेंब नाही. दुसऱ्या दिवशी द्वादशीची तिथी संपायच्या आत पारणं फेडायचं, आणि त्याआधी बाहेरच्या कुणाला तरी पानावर बसवून जेवू घालायचं, हा तिचा नेम. गावी माणसांची वाण नव्हती. मद्रासला ती कधी शेजारच्या खोलीतल्या विद्यार्थ्याला बोलवायची, कधी दूधवाल्याला. शेवटच्या द्वादशीला तिला अंथरुणावरून उठवत नव्हतं. मी कामावर निघालो होतो, बुटाचे बंद बांधत होतो. ती म्हणाली, "कोणी अहेत कां बघ की रे, गल्लींत. एक माणूस मिळाला तरी पुरे." मी म्हणालो, "उशीर होतोय, आई," आणि दाराबाहेर डोकावूनही न बघता सांगितलं की कोणी नाही. त्या दिवशी तिनं नुसतं तीर्थ घेतलं, वाढलेलं पान परत घेऊन जायला सांगितलं आणि भिंतीकडे वळून पडून राहिली. आठ दिवसांनी ती गेली. मला कोणी बोल लावला नाही, कारण मी गल्लीत बघितलंच नव्हतं हे माझ्याखेरीज कोणाला माहीत नव्हतं.

नंतर मला झोप येईना. अंग थकवलं तरच डोळा लागतो असं ध्यानात आलं, म्हणून मी पहाटे धावायला लागलो. मग पोहायला लागलो, मग एका मित्राची गिअरवाली सायकल मागून आणली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस होते ते, ट्रायथलॉन हा शब्द मद्रासमध्ये फारसा कोणी ऐकलेला नव्हता. आधी समुद्रात पोहायचं, लगेच सायकल मारायची, लगेच धावायचं. आमच्या फोरमनला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हे तर तीन पाळ्या सलग करण्यासारखं झालं, त्यात हौस कसली? मला हौस नव्हतीच. मी मनाशी एक ठरवून टाकलं होतं: ही शर्यत पुरी केली की आपण सुटलो. कशातून, हे मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो. पण दीड वर्ष मी त्या एका गोष्टीवर जगत होतो, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरचा, पोट किंचित सुटलेला माणूस पहाटे चार वाजता उठून रिकाम्या रस्त्यावर का धावतो याचं दुसरं काही उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

शर्यतीचा दिवस कार्तिकातला, रविवार. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा आहे हे रेडिओवर दोन दिवस सांगत होते, पण वादळ दक्षिणेकडे कुठंतरी किनाऱ्याला लागेल असा अंदाज होता. आम्ही पंचवीसेक जण किनाऱ्यावर जमलो तेव्हा उजाडलं होतं म्हणायचं एवढंच. समुद्र गढूळ आणि नुसता खवळलेला. आमच्या सोबतीला आपली कट्टुमरं, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या होड्या, पाण्यात घालायला कोळ्यांनी साफ नकार दिला. ज्यांनी शर्यत भरवली होती ते एक निवृत्त पीटी मास्तर होते, भले गृहस्थ. त्यांनी पोहणं रद्द केलं आणि त्याऐवजी वाळूतून तीन मैल धावा, मग सायकली घ्या, असं जाहीर केलं. निम्मे लोक तिथूनच घरी गेले. त्यांना अक्कल होती. मी राहिलो.

सायकलचा रस्ता महाबलीपुरमच्या दिशेनं होता. तेव्हा तो अरुंद होता, एका बाजूला सुरूची बनं, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. जाताना वारा पाठीवर होता, त्यामुळे मला वाटलं, वा, काय तयारी झालीय आपली. वळायच्या जागी एक पिंप ठेवून शेजारी तंबू ठोकतील असं सांगितलं होतं. मी पोचलो तेव्हा तंबू जमीनदोस्त झालेला, पिंप आडवं पडलेलं, आणि माणूस एक नाही. आडोशाला गेले असतील असं समजून मी आपला आपण वळलो. वळल्यावर खरं काय ते कळलं. वारा समोरून असा आदळत होता की पायडल मारूनही सायकल जागची हलेना. पावसाचे थेंब डोळ्यांत खड्यांसारखे लागत होते. रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आलं होतं, त्यातून नारळाच्या झावळ्या वाहत होत्या. पुढे मागे दुसरा स्पर्धक दिसत नव्हता. मी एकदा पडलो, गुडघा फुटला, उठून पुन्हा बसलो. पुरी करायची, एवढंच डोक्यात होतं.

अशात एका लहान गावाजवळ रस्त्याच्या कडेला एक बाई उभी दिसली. पन्नाशीची असेल, आमच्या नऊवारीची बहीण शोभेल अशी मडिसार साडी नेसलेली, हातातली छत्री वाऱ्यानं केव्हाच उलटी झालेली. मला बघताच ती हात जोडून आडवीच आली. मला वाटलं, कोणी आजारी असेल, डॉक्टर हवा असेल. ती तमिळमध्ये म्हणाली, "सार, पाच मिनिटं आत या. चार घास जेवून जा."

मला वाटलं हिला वेड लागलंय. पण ती भराभर सांगत होती. आज द्वादशी. सासू ऐंशीची, परवा रात्रीपासून पोटात काही नाही. अतिथी जेवल्याशिवाय जेवायचं नाही असा सासूचा नेम. दर वेळी देवळातले एक आजोबा यायचे, ते पाण्यामुळे येऊ शकले नाहीत. शेजारपाजारचे सगळे वादळापायी शाळेत हलवले आहेत, नवरा शहरात अडकलाय. साडेआठला तिथी संपेल. कोणी आलं नाही तर सासू नुसतं तीर्थ घेईल आणि दिवसभर तशीच राहील, आणि या खेपेला ते तिला झेपणार नाही, सकाळपासून दोनदा भोवळ आली आहे. ती म्हणाली, "मी अर्धा तास उभी आहे. रस्त्यावर माणूस म्हणून तुम्हीच दिसलात."

मी शर्यतीत आहे, थांबता येत नाही, असं मी तिला सांगितलं. वर "नेरम आच्चु, अम्मा," म्हणालो, म्हणजे उशीर होतोय. आणि पायडल मारलं.

शंभर पावलंसुद्धा गेलो नसेन. तमिळमध्ये बोललो होतो म्हणून असेल, त्या शब्दांचा अर्थ मला जरा उशिरानं पोचला. हेच मी म्हणालो होतो, बुटाचे बंद बांधता बांधता. मी खाली उतरलो, सायकलला धरून पाण्यात उभा राहिलो. मागे वळलो की शर्यत गेली, दीड वर्ष गेलं, आणि मी ज्यातून सुटणार होतो त्यातच पुन्हा जाऊन बसलो, हे मला स्वच्छ दिसत होतं. खोटं कशाला सांगू, मनापासून वळलो नाही. पण पुढे जाणं शक्यच नव्हतं, म्हणून वळलो. ती बाई अजून तिथंच उभी होती.

घर कौलारू, लहानसं. मी चड्डी-बनियनवर, छातीवर स्पर्धकाचा नंबर, गुडघ्यातून रक्त. कोणी जात विचारली नाही, गोत्र विचारलं नाही. सुनेनं गुडघा धुऊन हळद लावली, नवऱ्याचं कोरडं धोतर दिलं. आत केळीचं पान मांडून तयार होतं. खांबाला टेकून बसलेल्या पाट्टींनी, म्हणजे त्या आजींनी, माझ्याकडे पाहिलं आणि सुनेला म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं, पान मांड म्हणून?" त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. कोणी तरी येणार हे त्या धरूनच चालल्या होत्या.

वाढलं होतं ते सगळं मला ओळखीचं. हादग्याच्या पाल्याची भाजी, आवळ्याची कोशिंबीर, मुगाचं वरण, भात, चिंचेचा स्पर्श कशाला नाही. लहानपणी दर पंधरवड्याला ही कडसर भाजी पानात पडली की मी तोंड वाकडं करायचो आणि आई डोळे वटारायची. पहिला घास घेतला आणि मला रडू आलं. लपवलं नाही, लपवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. पाट्टींनी विचारपूस केली नाही. मी चार घास खाल्लेले बघितले, मग तीर्थ घेतलं आणि त्याही जेवायला लागल्या. सावकाश, एकेक शीत चावून. सून दाराशी उभी राहून घड्याळ बघत होती. साडेआठला अजून दहा मिनिटं होती.

माझं जेवण अर्ध्यावर आलं असेल तोच बाहेर जीपचा आवाज झाला. ओसरीत लावलेली सायकल बघून पीटी मास्तर आणि ड्रायव्हर धावत आत आले. मास्तरांच्या चेहऱ्यावर रंग नव्हता. ते म्हणाले, शर्यत सव्वासातलाच थांबवली, बाकीच्या सगळ्यांना लॉरीत घालून परत नेलं. तुम्ही तेवढे हिशेबात लागेनात. तासाभरापासून शोधतोय. पुढच्या मोरीवरून पाणी चाललंय, जीप आत्ता कुठे कशीबशी पार झाली, त्यात तुम्ही वाहून गेला असाल या भीतीनं आम्ही अर्धमेले झालो.

सव्वासात. मी त्या बाईला नाही म्हणालो तेव्हा आठ वाजत आले होते. म्हणजे जी शर्यत सोडताना माझा जीव तुटत होता ती तेव्हा उरलेलीच नव्हती. कोणीही धावत नसलेल्या शर्यतीत मी एकटाच पहिल्या नंबरानं चाललो होतो. मला हसू आलं, आणि मास्तरांना वाटलं याचं डोकं फिरलं.

सुनेनं त्या दोघांनाही बसवलं, पानं मांडली. मला आता घाई कसलीच नव्हती. हात पानातच ठेवून मी पाट्टींना आईची गोष्ट सांगितली. पहिल्यांदाच कोणाला सांगत होतो. गल्लीत न बघता सांगितलेलं खोटं, परत पाठवलेलं पान, सगळं. माझ्यामुळे तिचं शेवटचं पारणं राहिलं, असं म्हणालो.

त्यांनी शांतपणे विचारलं, "तिनं तीर्थ घेतलं होतं?"

"घेतलं होतं."

"मग झालं की पारणं. तीर्थानंही होतं, शास्त्रात आहे ते. तुझ्या आईला नक्की माहीत असणार. तिचं काही राहिलेलं नाही, बाबा. जेवला नाहीस तो तूच." मग सुनेला म्हणाल्या, "याला ताकभात वाढ."

मी जेवलो. पुन्हा पुन्हा मागून घेऊन जेवलो. निघताना त्या वयाच्या बाईनं अतिथी म्हणून मला हात जोडले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, तू आलास म्हणून मी जेवले. मलाही तेच म्हणायचं होतं.

यात चमत्कार आहे असं मी कोणाला पटवायला जाणार नाही. वादळात वाट चुकलेले लोक कुठल्या ना कुठल्या घरात शिरतातच. मोरीवरच्या पाण्यातून मी कदाचित सुखरूप पारही झालो असतो. मला एवढंच ठाऊक आहे की दीड वर्ष मी ज्याच्यापासून पळत होतो त्यानंच मला रस्त्यात अडवलं, हात जोडून आत बोलावलं आणि पानावर बसवलं. मी काही पुरं करायची त्याला गरज नव्हती. मी थांबायला हवा होतो, आणि तेही मी धड स्वखुशीनं केलं नाही. तरी त्यानं वाढलं. याचे आभार कसे मानायचे हे मला अजून समजलेलं नाही.

संध्याकाळी वारा पडला तेव्हा मास्तरांनी जीपनं मला तांबरमला सोडलं. स्वयंपाकघरातच बसून मी बायकोला सगळं सांगितलं, आईच्या पानापासून. ती उठली, देवापुढचा दिवा लावला, आणि दीड वर्ष भिंतीशी उभा करून ठेवलेला पाट आडवा मांडला. मी त्यावर बसलो, हात जोडले, आणि मागायला काही सुचेना.