कोण कोणाच्या भरोशावर

"उभे राहा सारे! कोन कोनाच्या भरोशावर हाय, दाखवा!"

आदिलाबादच्या आमच्या सहा माणसांच्या सॉफ्टवेअर ऑफिसात ही आरोळी उठली की समजायचं, जावाचा प्रोग्राम रुसला आणि आमच्या सीनियर मॅडमच्या अंगात आलं. एरवी तामसी गावाच्या बसमधून अंग चोरून उतरणारी ही बाई लाल एरर दिसला की करवलीसारखी मिरवू लागे.

त्यांची रीत सांगतो. आमचा दवाखान्याचा प्रोग्राम लहान लहान भाग, म्हणजे मॉड्यूल, जोडून केलेला. एकाला दुसऱ्याची गरज. मॅडम प्रत्येकाच्या छातीवर एकेका मॉड्यूलच्या नावाचा कागद टाचत. ज्याची गरज, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात हवेत राहिला, तर तिथेच काहीतरी सापडत नाही. माणसं कमी पडली की त्यांच्या टेबलावरचा, निर्मल गावच्या कारागिरांचा लाकडी पोपट कागद लावून खुर्चीवर उभा राही. साठीचे आमचे सर पोटावर कागद लावून उभे राहिलेले तुम्ही पाहायला हवे होते. हसून हसून आमची मुरकुंडी वळे, आणि त्यातच चूक सापडे.

एका शनिवारी मात्र मला हसू येईना. चार वाजता दवाखान्याचे डॉक्टर प्रोग्राम बघायला येणार होते. छपाईचं मॉड्यूल जोडलं आणि प्रोग्राम सुरूच होईना. एकच पॅकेज, म्हणजे एकाच नावाचा कोडचा गठ्ठा, दोन मॉड्यूलांतून येतंय, अशी त्याची तक्रार. मी नवा, अजून कायम झालो नव्हतो. सर कडाडले, "ज्यानं घोळ घातला, त्यानं सोमवारी येऊ नये."

घोळ माझाच होता. तारखांचा हिशेब करणारी नवी लायब्ररी मला जमेना, विचारायची लाज वाटली, म्हणून तिचीच जुनी प्रत फक्त वरचं नाव बदलून गुपचूप आत ठेवली होती.

"उभे राहा सारे!"

माझ्या छातीवर 'तारीख' लागली. छपाईवाल्या तेलुगू मित्राने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात मॅडमनी स्क्रीनवरची तक्रार पुन्हा वाचली, आणखी एक कागद लिहिला, स्वतःच्या पदराला टाचला आणि माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. 'जुनी तारीख'.

"अय्यो मॅडम, हात किधर रखूँ?" मित्राचा हात आमच्या दोघांमध्ये लोंबकळू लागला.

"हेच तं इचारून राह्यला थो प्रोग्राम मघापासून!" मॅडम म्हणाल्या. "दोघांतला एक पाहुना हाय. कोनी आनला, थे मी इचारत नाई. त्याले फक्त घरी धाडा."

माझे कान तापले. "मीच आणला," मी म्हणालो.

सर रागाने वळले.

"सर, हलू नका! तुमी हलले तं सारा प्रोग्राम पडते!"

सर खरंच थिजले. मग त्यांच्या पोटावरचा कागद थरथरू लागला आणि ते खो खो हसत सुटले.

जुनी प्रत काढली. मॅडम शेजारी बसल्या आणि माझं काम माझ्याकडूनच सुधारून घेतलं. चारला पहिला केसपेपर छापून आला. "सोमवारी लवकर ये," सर म्हणाले.

गेल्या वर्षी मॅडमच्या यजमानांची बदली झाली. शेवटच्या दिवशी कसलाही एरर नव्हता, तरी मीच ओरडलो, "उभे राहा सारे!" आम्ही आपापल्या नावांचे कागद लावले आणि पाचही हात मॅडमच्या खांद्यांवर पडले.

"काऊन रे, इतके जन एकाच्याच भरोशावर? डिझाइन खराब हाय हे!" हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला त्यांची फार आठवण येते. आता त्यांच्या जागी खुर्चीवर त्यांनी मागे ठेवलेला तो पोपट असतो. काही अडलं की आम्ही पाचही जण आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो. डिझाइन अजून खराबच आहे.