सूतभर कमी

सकाळचे नऊ वाजलेत. खेळ सुरू होण्याआधीच्या प्रेक्षागृहासारखा रस्ता खाकरतोय, खुर्च्या सरकवतोय, एकमेकांना जागा करून देतोय. तेवढ्यात एक लोखंडी शटर कुरकुरत वर जातं आणि आतला माणूस पायांपासून दिसायला लागतो. आधी झिजलेले बूट. मग सरसाचे डाग पडलेला ॲप्रन. मग दोन हात, त्यांवर बारीक पांढऱ्या रेघा, काचेने चाळीस वर्षांत ओढलेल्या. सगळ्यात शेवटी चेहरा: लांबट, चौकोनी हनुवटीचा, हसावं की नाही हे अजून न ठरलेला.

हा फ्रेमवाला. गल्लीत त्याला सगळे काटकोन म्हणत, तोंडावरसुद्धा. कुणाच्या घरी सांत्वनाला गेला तरी आधी भिंतीवरचा वाकडा फोटो सरळ करणार आणि मग रडणाऱ्यांकडे वळणार, असा हा माणूस. दुकान नऊ फूट रुंद. एका भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे शंभरेक कोपरे खिळ्यांना टांगलेले, जणू शंभर चौकटी दारातून आत यायला निघाल्या आणि कोपराच तेवढा आत आला. मधोमध जाड कांबळं अंथरलेलं टेबल. दाराशी, उजेडात, एक उंच स्टूल. त्यावर ताई.

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता, म्हणून तिने स्वतःचं लग्न आज-उद्या करत पुढे ढकललं आणि पुढे ते तिची वाट न पाहता निघून गेलं. तिने त्याला वाढवलं, दुकान घालून दिलं आणि मग त्याच दुकानात स्टूल टाकून बसली. चित्राभोवतीचा पुठ्ठा, ज्याला माउंट म्हणतात, त्याची खिडकी कापावी ती ताईनेच. पातं तिरकं धरून अशी कड काढायची की चित्र खोल विहिरीत ठेवल्यासारखं दिसावं.

दोघांची वाटणी ठरलेली होती: कागद ताईचा, काच त्याची. बिलं, पत्रं, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, फोनवरचे मेसेज, सगळं कागदात मोडायचं. काच टेबलावर असताना तर फोन ड्रॉवरमध्येच. दचकलं की हात हलतो, हात हलला की काच गेली.

आणि काचेचा त्याचा एक नियम होता, तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावाच लागे. काच चौकटीहून सूतभर कमी कापायची. "नेमक्या मापाची काच म्हणजे उद्याची फुटकी काच," तो म्हणायचा. "लाकूड फुगतं, आवळतं. सूतभर जागा सोडली की काच जन्मभर टिकते."

एका सकाळी ताईने माउंट कापताना कोपऱ्यावर पातं खिडकीच्या बाहेर गेलं. लग्नाच्या फोटोचा माउंट होता. काटकोनाने दुसरा पुठ्ठा पुढे केला. त्याचाही कोपरा गेला. तिसऱ्यांदा पातं ताईच्या अंगठ्यावरून फिरलं.

"पातं बोथट झालंय," ताई म्हणाली.

"नवं आहे. काल लावलंय."

"मग मी बोथट झाले."

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रात बघितलं, कागदावर दोन गोल काढले आणि कडेकडून काळे करत आणले. काचबिंदू. उशीर झालेला. थेंब घालायचे, पण गेलेलं परत येणार नाही. कडा गेल्यात, मधलं शेवटी जाईल. "वर्ष म्हणा," त्या म्हणाल्या. "कमीच धरा."

परतताना ताईनेच त्याचा दंड धरला होता, पण आधार कोण कोणाला देतंय ते सांगणं कठीण होतं.

"म्हणजे माउंटच की रे," ती म्हणाली. "दर महिन्याला खिडकी थोडी लहान कापायची."

चौकात आल्यावर ती एकदम थांबली. "आपण आजवर किती समुद्र चौकटीत घातले?"

"असतील दोन-अडीचशे."

"आणि एक तरी पाहिलाय का आपण?"

नव्हता पाहिला. समुद्र तिथून दोन दिवसांच्या वाटेवर, आणि दुकान चार-पाच दिवस बंद ठेवायला तसंच काही कारण कधी घडलं नव्हतं.

"बघू या," तो म्हणाला. "किनाऱ्यावर जाऊन..."

"किनाऱ्यावरून नको. किनारा आला की खालची पट्टी आलीच. मला मधून बघायचाय. चारी बाजूंनी पाणी. मध्ये काही म्हणजे काही नको."

समोरच्या फुटपाथवर प्रवासाची तिकिटं काढून देणारी एक पोरगी होती. बोलणं लाह्या फुटाव्यात तसं. तिने जहाज शोधलं: आठ दिवसांची सफर, पाच महिन्यांनी निघणारी, गॅलरी असलेली खोली. काटकोनाने पडद्यावरची ती गॅलरी बघितली आणि म्हणाला, "कठड्याचा गज जरा तिरका आहे."

"काका, फोटो तिरका आहे. जहाज सरळ आहे. घ्यायची का खोली?"

"पैसे रोख आणतो."

"अहो, कंपनी परदेशातली. रोख कुठे देणार, समुद्रात? कार्ड लागेल. पाचवा हिस्सा आता कापतील, उरलेले सफरीच्या महिनाभर आधी आपोआप. भाडं बघा, आपल्याच पैशात दाखवलंय. घोळ नाही काही."

"आपल्याच पैशात. मग झालं."

कार्ड नावाची वस्तू त्याच्या घरात कधी आली नव्हती. बँकेतल्या कारकुनाने त्याची ठेव तारण धरून एक देऊ केलं; सगळा खर्च सफर झाल्यावर एकदम ठेवीतून वळता व्हायचा. "मर्यादा किती ठेवू, काका?"

काटकोनाने खिशातून चिठ्ठी काढली. पोरीने लिहून दिलेलं भाडं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

"थोडी वर ठेवू या ना. इकडे-तिकडे काही लागलं तर..."

"वर ठेवलं की वर जातं. एवढीच."

"नेमकी?"

"नेमकी," तो म्हणाला. आणि छाती जराशी फुगवून बाहेर पडला, चोख काम केल्यावर फुगायची तशी.

ते चार महिने घरात एक चमत्कारिक सण असल्यासारखे गेले. ताईने दोन रुंद काठाच्या टोप्या आणल्या. त्याने तिच्यासाठी रबरी तळाचे बूट आणले आणि स्वतः घालून दुकानभर चालून दाखवले, जहाज डुलल्यावर कसं चालायचं ते. हसता हसता ताईच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तू तर प्यायलेल्या कंपासपेटीसारखा चालतोयस रे," ती म्हणाली. खिडकी लहान होत होती, पण ताई म्हणायची, "लांबचं स्वच्छ दिसतं मला. समुद्र लांबचाच तर आहे."

मग ती मोठी ऑर्डर आली. कुठल्याशा संस्थेची चाळीस प्रमाणपत्रं, चाळीस काचा. चार दिवस काटकोनाने मान वर केली नाही. हातात काच कापायची हिरकणी, समोर काच, पट्टी, रेघ, आणि टक्. ड्रॉवरमध्ये फोन वाजायचा: टिंग.

"ताई, बघ गं."

ताई उठायची, ड्रॉवर चाचपायची, फोन नाकाशी न्यायची, दारातल्या उजेडाकडे वळायची, मान इकडून तिकडे हलवायची, कुलपाच्या भोकातून आत बघावं तशी. तो बघत नव्हता. त्याच्यासमोर काच होती.

"काय आहे?"

"काही नाही. बँकेची जाहिरात."

दुसऱ्या दिवशी पुन्हा टिंग. जाहिरात. तिसऱ्या दिवशी दोनदा, चौथ्या दिवशी आणखी एकदा. "काय पिच्छा पुरवलाय मेल्यांनी," ताई म्हणाली आणि ड्रॉवर जरा जोरात लावला.

पुढच्या आठवड्यात तो हात धुऊन, स्वच्छ शर्ट घालून समोरच्या दुकानात गेला. पक्की तिकिटं छापून घ्यायची होती. पोरीने बटणं दाबली. पुन्हा दाबली. लाह्या फुटायच्या थांबल्या.

"काका, फोन आणलाय?"

तिने फोनवर बोट फिरवलं आणि एकेक वाचून दाखवायला लागली. तुमचं कार्ड नाकारलं गेलं, शिल्लक मर्यादा अपुरी. जहाज कंपनीकडून: उरलेली रक्कम मिळालेली नाही, तीन दिवसांत भरा. पुन्हा नाकारलं. शेवटची सूचना. आरक्षण रद्द, आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.

"पण मर्यादा नेमकी भाड्याएवढी होती," तो म्हणाला.

तिने आणखी मागे जाऊन चार महिन्यांपूर्वीचा एक मेसेज काढला. पहिला हिस्सा भरला त्या दिवसाचा. खाली बारीक अक्षरांत: परदेशी व्यवहार शुल्क, शंभरामागे साडेतीन.

"आकडा आपल्या पैशात होता, काका, पण पैसे घेणारी त्यांची बँक तिकडची. म्हणून आपल्या बँकेने वर कापलं. मला... मला माहीत असायला हवं होतं. पण माझी सगळी गिऱ्हाइकं मर्यादा दुप्पट-तिप्पट ठेवतात हो. कुणाला कळतसुद्धा नाही." तिने कागदावर हिशेब केला. उरलेल्या रकमेला कमी पडलं होतं ते शंभरात एकाहूनही कमी. दुकानाच्या गल्ल्यात त्याहून जास्त होते, त्या चारही दिवशी.

मग पोरीच्या कपाळाला आठी पडली. "पण हे मेसेज तर सगळे उघडलेले आहेत. तीन दिवस होते हातात. वाचले कुणी?"

काटकोनाला दारातली ताई दिसली. नाकाशी धरलेला फोन, हलणारी मान. जे त्याने तेव्हा बघितलं नव्हतं ते आता सगळं दिसलं. चाळीस माउंट तिने कसे कापले होते, तेही आठवलं. कापले नव्हतेच. तयार आणवले होते. "वेळ वाचतो," म्हणाली होती.

"मी," तो म्हणाला. "मीच वाचले. मला कळलं नाही."

पोरीने आठवडाभर कंपनीशी भांडून बघितलं. ती खोली विकली गेली होती. पुढची सफर सहा महिन्यांनी.

ताईला त्याने संध्याकाळी सांगितलं, पट्ट्या आवरता आवरता, पाठ करून. बँकेने वर शुल्क कापलं, कळवलं नाही, जहाज गेलं.

ताईने रबरी बुटांच्या खोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "चाळीस वर्षं काच सूतभर कमी कापलीस, शहाण्या. आणि इथे नेमकी चौकटीएवढी कापून आलास?"

"हो," तो म्हणाला. "चुकलं."

"कळवलं कसं नाही त्यांनी?"

"नाही कळवलं."

त्या दिवसापासून कागदही त्याचा झाला. ताई स्टुलावर बसायची, पण हात मांडीवर. पुढच्या सफरीसाठी त्याने मर्यादा वाढवून घेतली, दुप्पट. आगाऊ रक्कम पुन्हा साठवली. ती भरायला निघाला त्या सकाळी ताईने बूट उलटे घातले होते. तो वाकून बदलायला लागला, तेव्हा तिने त्याच्या डोक्याऐवजी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "खिडकी मिटली. मागच्या मंगळवारीच."

"ताई, नुसतं जाऊ. वारा असतो. लाटा ऐकू येतात."

"ऐकायचंच तर घरात नळ आहे."

त्याने मग कधी विषय काढला नाही. फक्त समुद्राचं चित्र घेऊन कोणी आलं तर "माप बसत नाही" म्हणून परत पाठवायचा. गल्ली हसायची: काटकोनाला माप जमेना, म्हातारा झाला. काम कमी झालं. वाकडे फोटो सरळ करायचंही त्याने सोडलं, आणि ते पाहून मात्र लोक हसायचे थांबले.

दोन हिवाळ्यांनी त्याच्या छातीने दगा दिला. रुग्णालयाच्या लांबट खोलीत सहा खाटा, त्याची भिंतीकडची. तिकीटवाली पोरगी ताईला दुपारच्या भेटीच्या वेळी हाताला धरून आणायची आणि स्वतः बाहेर बाकावर थांबायची. तिसऱ्या दुपारी तो बोलायचा जवळजवळ थांबला होता. ताईने त्याचा हात हातात घेतला आणि अंगठ्याने त्याच्यावरच्या काचेच्या रेघा वाचत बसली. त्या तिला अजून वाचता येत होत्या.

"एक विचारू? खरं सांगशील?"

त्याने बोट दाबलं.

"त्या चाळीस काचांच्या वेळी. फोन वाजायचा, तू म्हणायचास, बघ गं. मला एक अक्षर दिसत नव्हतं रे. तुला सांगितलं असतं तर तू डॉक्टरकडे पळाला असतास, जहाजावर नेलं नसतंस. म्हणून मी म्हटलं, जाहिरात." तिचा अंगठा थांबला. "दोन वर्षं मनात आहे. त्यात काय होतं? जहाजाचं होतं का काही?"

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला. परिचारिका ट्रे घेऊन गेली. काटकोनाने मान वळवली. समोरच्या भिंतीवर रुग्णालयाने कुठलंसं निसर्गचित्र लावलं होतं, आणि ते डावीकडे झुकलेलं होतं. त्याने ते बघितलं, बघून सोडून दिलं, आणि सगळा श्वास गोळा केला. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो होता, पण बोलला ते एवढंच.

"जाहिरातच होती गं, ताई. मी नंतर बघितली ना."